ड्रममधलं पाणी फिरून राह्यलं, पण मिसळून नाही राह्यलं

आमच्या वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आता घरोघरी निळे ड्रम दिसतात. कोणी त्यात जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) करतं, कोणी दशपर्णी (झाडपाल्याचं कीडनाशक), तर संत्र्याचा बगीचावाला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक). दोनशे लिटर पाणी काठीनं ढवळून खांदे भरून आले की कास्तकाराच्या डोक्यात मोटर येते. भंगारातून एक मोटर, एक सळाख आणि तिला वेल्डिंग केलेलं पातं, एवढ्यात काम भागतं असं वाटतं. बटन दाबलं की पाणी गरगरा फिरतं, मधोमध हातभर खोल भोवरा पडतो, गल्लीतली पोरं पाहायला गोळा होतात. संध्याकाळी ड्रम रिकामा करताना बुडाशी शेणाचा गोळा जसाच्या तसा.

"काहून बावा, एवढं फिरवलं तरी खाली गाळ कसा?" हा प्रश्न मला इतक्या काकाजींनी विचारला आहे की उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हटलं. मी डिप्लोमा केलेला माणूस, गावात पंप-मोटरीची कामं करतो. असे ढवळणीचे ड्रम मी बरेच बांधले आणि पहिल्याच ड्रमात एक मोटर जाळली. ती कशी जळली ते पुढे सांगतो, कारण त्यातच निम्मं शिक्षण आहे.

आधी चहाचा ग्लास

काही विकत आणायच्या आधी हे करून पाहा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, गाळणीतली उरलेली चहापत्ती चिमूटभर टाका. चमच्यानं गोल गोल फिरवा आणि चमचा झटकन काढून घ्या. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते हे आपण गोफणीत पाहिलेलं असतं, म्हणून पत्ती काचेकडे जाईल असं वाटतं. ती जाते बुडाशी, बरोबर मधोमध, ढीग करून.

कारण असं. गोल फिरणारं पाणी बाहेर रेटतं, त्यामुळे काचेजवळ दाब जास्त आणि मधोमध कमी. वरच्या पाण्याला वेग आहे, तो या दाबाशी बरोबरी करतो. पण अगदी बुडाला लागून असलेलं पाणी काचेच्या तळाशी घासून मंद झालेलं असतं. त्याच्यात बाहेर रेटायचा जोर उरत नाही, दाब मात्र वरच्याइतकाच असतो. मग ते बुडाशी आत, मध्याकडे ढकललं जातं आणि जाताना पत्ती घेऊन जातं. मध्यावर पाणी वर वळतं, पण पत्ती उचलण्याइतका जोर त्या वळणात नसतो.

हे कोडं १९२६ साली आइन्स्टाइननं एका छोट्या लेखात उलगडलं, आणि त्याच धाग्यानं नद्या वळणं का घेतात तेही सांगितलं. आपल्या वर्धा नदीच्या कुठल्याही वळणावर उभं राहून पाहा. बाहेरचा काठ खचलेला, आतल्या काठाला रेती साचलेली. बुडाचं मंद पाणी रेती आतल्या बाजूला आणून टाकतं. तुमच्या ड्रमातला शेणाचा गोळा आणि नदीतली रेती, दोघांची गोष्ट एकच.

म्हणजे नुसतं गोल फिरणारं पाणी गाळ उचलत नाही, गाळ गोळा करतं.

भोवरा किती खोल पडतो

जत्रेतल्या घोड्यांच्या चक्रीत बसला असाल. चक्री कितीही जोरात फिरली तरी शेजारच्या घोड्यावरचा माणूस शेजारीच राहतो. ड्रमाच्या मधोमध पातं फिरवलं आणि पाण्याला अडवणारं काहीच नसलं, तर थोड्याच वेळात पाणी असंच एका अंगानं, घट्ट चाकासारखं फिरायला लागतं. पात्याच्या आसपासचा गाभा तर अगदी चाकच, आणि त्याच्या बाहेर काठाकडे जावं तसा वेग कमी होत जातो. मिसळायचं म्हणजे पाण्याच्या थेंबाचा शेजारी बदलायला हवा, खालचं वर आणि वरचं खाली जायला हवं. चक्रीत ते होत नाही.

खोलीचा हिशेब सोपा आहे. दोनशे लिटरच्या ड्रमाचा आतला व्यास साधारण ५७ सेंटिमीटर धरू. सगळं पाणी चाकासारखं मिनिटाला ६० फेरे फिरलं, तर काठाचं पाणी मध्यापेक्षा सुमारे १६ सेंटिमीटर उंच चढतं. ९० फेरे झाले की हा फरक ३७ सेंटिमीटरवर जातो, कारण खोली वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणूनच थोडा वेग वाढवला की भोवरा एकदम खाली झेपावल्यासारखा दिसतो.

तो पात्यापर्यंत पोचला की दुसरंच लफडं सुरू होतं. पातं पाण्याऐवजी हवा कापायला लागतं. आवाज बदलतो, गुरगुर येते, सळाख थरथरते, फेस काठावरून बाहेर पडतो. कोणी म्हणेल, जीवामृताला हवा चांगलीच की! असेल. पण हवा खाणारं पातं पाणी ढकलत नाही, म्हणजे गाळ खालीच. आणि फवाऱ्याच्या पंपात फेस गेला तर नोझल पाण्याऐवजी फुसफुस करतं.

रवी काय करते

आमची आजी ताक करायची तेव्हा डेऱ्यात रवी, रवीला दोरीचे दोन वेढे आणि दोन्ही हातांत दोरीची टोकं. डावा हात ओढला की रवी एकीकडे, उजवा ओढला की उलटीकडे. मी लहानपणी विचारायचो की एकाच बाजूला फिरवली तर लवकर नाही का होणार? ती म्हणायची, "फिरंन तं खरं, पण घुसळंन नाही." डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मला त्याचा अर्थ लागला. पाणी एका दिशेला चाकासारखं फिरायला लागायच्या आत रवी उलट फिरते, त्यामुळे डेऱ्यात चक्री तयारच होत नाही.

मोटरला दर दोन सेकंदांनी उलट फिरवणं परवडत नाही. म्हणून आपण तेच काम दुसऱ्या दोन वाटांनी करतो: ड्रमात आडपट्ट्या बसवतो, नाहीतर सळाख मध्यापासून बाजूला सरकवतो.

आडपट्ट्या

कारखान्यात यांना बॅफल म्हणतात, आमचा वेल्डर आडपट्टी म्हणतो. ड्रमाच्या भिंतीला उभ्या लावलेल्या चार पट्ट्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. रुंदी ड्रमाच्या व्यासाच्या दहाव्या-बाराव्या भागाइतकी. आपल्या ड्रमाला ती बरोबर दोन इंचांची होते, म्हणजे बाजारात मिळते ती पट्टी चालते. गोल फिरणारं पाणी पट्टीवर आपटतं आणि वर-खाली वळतं. बस, एवढंच. भोवरा जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी पृष्ठभागावर लहान-लहान उकळ्या दिसतात. पोरांना मग पाहण्यासारखं काही उरत नाही.

पट्टी भिंतीला चिकटवू नका. मागे एक सेंटिमीटरभर फट ठेवा. चिकटवली तर मागच्या कोपऱ्यात शेण साचतं, सडतं, आणि उन्हाळ्यात त्याचा वास अख्ख्या कोठ्यात घुमतो.

प्लास्टिकच्या ड्रमाला लोखंड वेल्डिंग होत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण एका पठ्ठ्यानं माझ्यासमोर प्रयत्न केला आहे. त्यापेक्षा पिंजरा करा: वर एक कडं, खाली एक कडं, मध्ये चार उभ्या पट्ट्या. तो ड्रमात उतरवा आणि वरच्या काठाला नट-बोल्टनं पक्का आवळा. पक्का हा शब्द महत्त्वाचा, कारण पाणी आता पट्ट्यांना ढकलणार आहे आणि सुटा पिंजरा पाण्यासोबतच फिरायला लागतो. स्टेनलेसच्या पट्ट्या महाग वाटत असतील तर वावरात उरलेला ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडं बंद करून, चार ठिकाणी उभा बांधा. गोल पाइपाभोवतून पाणी थोडं निसटतं, सपाट पट्टीइतका जोर येत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

पट्ट्या पाण्याच्या वर निघाल्याच पाहिजेत असं नाही. बेसनासारखं आधी वर तरंगणारं पीठ टाकायचं असेल तर मी पट्ट्या पाण्याच्या पातळीच्या चार-सहा इंच खालीच संपवतो. मग वर छोटासा भोवरा राहतो आणि तो पीठ आत ओढून घेतो, खाली मात्र पट्ट्या आपलं काम करतात. भोवऱ्याशी माझं वैर नाही. तो पात्यापर्यंत उतरू नये, इतकंच.

पट्ट्यांची भानगड नको असेल तर सळाख मध्यापासून सात-आठ सेंटिमीटर बाजूला घ्या आणि उभ्यापासून १० ते १५ अंश तिरपी करा. चक्री मोडते. पण अशा सळाखेवर पाण्याचा एकतर्फी मार बसतो, त्यामुळे सळाख जाड आणि वरची चौकट भक्कम हवी. कधीमधी वापरायच्या ड्रमाला हे ठीक, रोजच्याला पट्ट्याच.

पातं कोणतं

पंख्याचं जुनं पातं, ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा पंखा, पट्टीचा तुकडा, सगळं लावलेलं मी पाहिलं आहे. मुद्दा एवढाच की पातं पाणी कुठं ढकलतं.

उभी सपाट पाती पाणी बाजूला, भिंतीकडे फेकतात. तिथून ते दोन वाटांनी फिरतं, पात्याच्या वर एक वळसा आणि खाली एक. हवा फोडून बारीक करायला हे उत्तम, गाळ उचलायला तितकं नाही. ४५ अंशांत तिरपी लावलेली पाती पाणी सरळ खाली बुडाकडे ढकलतात, मग ते बुडावरून भिंतीकडे आणि भिंतीनं वर चढतं. शेण, बेसन, चुना, म्हणजे खाली बसणारं काहीही असेल तर हीच चार तिरपी पाती लावा.

पात्याचा एकूण व्यास ड्रमाच्या तिसऱ्या भागाइतका, म्हणजे १९ सेंटिमीटर. बुडापासून उंची १४-१५ सेंटिमीटर. फार वर ठेवलं तर बुडाचा गाळ हलत नाही, अगदी खाली ठेवलं तर थांबलेल्या गाळात पातं रुततं आणि सुरू होतानाच मोटर गुरगुरते. ड्रम पूर्ण २०० लिटर भरला तर पाणी ७८ सेंटिमीटर उंच होतं, व्यासाच्या सव्वा पटीहून जास्त. एवढ्या उंचीला एक पातं पुरत नाही, वरचं पाणी आळसावतं. त्याच सळाखेवर बुडापासून ४० सेंटिमीटरवर दुसरं पातं लावा, किंवा ड्रम दीडशे लिटरच भरा.

दिशेत हमखास घोळ होतो. पात्याची वरची कड पुढे राहून पाणी कापत असेल तर पाणी खाली जातं. डोक्यावरच्या पंख्याकडे बघा, तोही तसाच वारा खाली टाकतो. उलट फिरला तर तेच पातं पाणी वर ओढतं. थ्री फेज मोटरच्या कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते.

दिशेवरून आणखी एक बोलणं होतंच. जीवामृताची कृती देशभर पोचवली ती अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी, आणि त्या पद्धतीत घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ढवळायला सांगतात. पाळणाऱ्यानं पाळावं. पाण्याच्या हिशेबात डावं-उजवं सारखंच, फक्त पात्याचा कल त्या दिशेला जुळवून वेल्डिंग करून घ्या.

वेग, आणि माझी जळलेली मोटर

पहिल्या ड्रमाला मी अर्ध्या एचपीची, मिनिटाला १,४४० फेऱ्यांची मोटर थेट सळाखेला जोडली. पातं १९ सेंटिमीटरचं. आडपट्ट्या नव्हत्या. सुरू केल्याबरोबर भोवरा पात्याला भिडला आणि फेस अंगणात. पण मोटर थंड! मी खूष, म्हटलं हिला काही जडच जात नाही. रिकामी बंडी ओढताना बैलालाही जड जात नाही, हे तेव्हा सुचलं नाही. पातं हवेत आणि सोबत फिरणाऱ्या पाण्यात फिरत होतं, काम करतच नव्हतं.

मग पुस्तक वाचून आडपट्ट्या बसवल्या. वेग तोच ठेवला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत जळक्या वार्निशचा वास.

आता हिशेब पाहा. १९५० साली अमेरिकेत रश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळी पाती मोजून दाखवली, तेव्हापासून ढवळणीच्या शक्तीचं गणित अशा तऱ्हेनं मांडतात: पात्याचा आकडा गुणिले पाण्याची घनता, गुणिले सेकंदाच्या फेऱ्यांचा घन, गुणिले पात्याच्या व्यासाचा पाचवा घात. पात्याचा आकडा म्हणजे त्याच्या घडणीवरून ठरणारी संख्या. आडपट्ट्या असताना चार तिरप्या पात्यांना ती १.३ च्या आसपास, तबकडीवरच्या सहा उभ्या पात्यांना ५ च्या आसपास, बोटीच्या पंख्यासारख्या पात्याला ०.३५ च्या आसपास.

आपलं १९ सेंटिमीटरचं तिरपं पातं मिनिटाला २४० फेरे फिरवलं, म्हणजे सेकंदाला ४, तर लागतात जेमतेम २० वॅट. एका एलईडी दिव्याइतके! तेच १,४४० वर नेलं तर वेग सहा पट, आणि घन म्हणून शक्ती २१६ पट: सुमारे ४,४०० वॅट, म्हणजे ६ एचपी. माझी मोटर अर्ध्या एचपीची. आडपट्ट्या नव्हत्या तोवर पाणी पात्यासोबत पळत होतं म्हणून ती वाचली. आडपट्ट्यांनी पाण्याला थांबवलं आणि खरं ओझं पहिल्यांदा तिच्यावर आलं.

व्यासाचंही तसंच. "थोडं मोठं पातं लावून देऊ" म्हणून १९ चं २५ केलं की त्याच वेगाला शक्ती चौपट लागते.

तर करायचं काय? मोटरला दोन इंची पुली, सळाखेला बारा इंची, मध्ये व्ही-बेल्ट. १,४४० चे २४० होतात. दोन पाती असली तरी ४०-५० वॅटचं काम, त्यात बेल्टची घसट आणि सुरुवातीचा झटका धरून पाव एचपी पुरते. मी अर्धा एचपीच लावतो, कारण आमच्याकडे रात्रीचं व्होल्टेज भरवशाचं नाही आणि कमी व्होल्टेजवर मोटर तापते. सळाखेला वर दोन बेअरिंग ब्लॉक, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. पाण्यात बेअरिंग नको, शेण त्याला महिनाभर टिकू देत नाही. सळाख सरळ आहे का ते डोळ्यांनी नको, सपाट फरशीवर लोळवून पाहा.

नुसत्या पाण्यावर चाचणी

शेण टाकायच्या आधी स्वच्छ पाणी भरून चालवा. विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार खडे वाटीभर पाण्यात विरघळवा आणि ड्रम फिरत असताना एका बाजूला ओता. वरच्या बेतानं बांधलेल्या ड्रमात दीडशे लिटर पाण्यात रंग दहा-पंधरा सेकंदांत सगळीकडे सारखा व्हायला हवा. रंगाची दोरी गोल गोल फिरत राहिली आणि मिटायचं नाव घेत नसेल, तर चक्री अजून मोडलेली नाही. आडपट्ट्या तपासा.

मग गाळाची चाचणी. दोन मुठी बारीक रेती टाका. झ्विटरिंग नावाच्या डच संशोधकानं १९५८ साली जी कसोटी मांडली ती अजून चालते: कोणताही कण बुडाशी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबता कामा नये. काचेच्या भांड्यात हे खालून दिसतं, निळ्या ड्रमात दिसत नाही. मी अर्धा इंची पाइप वरून अंगठ्यानं बंद करून बुडापर्यंत नेतो, अंगठा सोडतो, पुन्हा दाबून बाहेर काढतो. बुडाचं पाणी त्यात येतं. असंच मधलं आणि वरचं घ्या, तीन ग्लासात ओता, पाच मिनिटं ठेवा. तिन्ही ग्लासात खाली बसलेला थर सारखा जाड असेल तर ड्रम पास. रेती शेणापेक्षा जड असते, त्यामुळे रेतीला थोडं कमी पडलं तरी मी चालवून घेतो.

जीवामृत घालताना

एकराचं जीवामृत म्हणजे २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. सगळं एकदम ड्रमात टाकून बटन दाबायचा मोह आवरा. शेण आधी बादलीत पातळ करून जाळीतून गाळा, नाहीतर त्यातल्या काड्या सळाखेला दोरासारख्या गुंडाळतात आणि पात्याचा गोळा होतो. गूळ गंजात (पातेल्यात) कोमट पाण्यानं विरघळवा. बेसन शेवटी, पातं फिरत असताना, भोवऱ्याच्या काठावर चिमटीचिमटीनं. एकदम ओतलं की त्याच्या गाठी होतात आणि त्या पात्यानं फुटत नाहीत, हातानंच फोडाव्या लागतात. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पुरे. ड्रम सावलीत, वर ओला बारदाना. दिवसभर मोटर चालू ठेवणाऱ्यांना मी विचारतो, लाईन फुकट येऊन राह्यली का?

बोर्डोला वेगळा ड्रम

संत्र्याच्या डिंक्यासाठी (झाडातून डिंक गळायच्या रोगासाठी) बोर्डो करणारे माझ्याकडे जास्त येतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळणं. ते तिसरं भांडं म्हणजे आपला ड्रम.

इथं लोखंड चालत नाही. मिश्रण बरोबर झालं का ते पाहायला आपण त्यात चकचकीत विळा बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजतो. विचार करा, लोखंडी पातं लावलं तर तुम्ही त्या विळ्यानंच ढवळताय. मोरचूद पातं खातं आणि तांबं फवाऱ्यात जायचं ते पात्यावर चढतं. पातं, सळाख, पिंजरा, नट-बोल्टसुद्धा स्टेनलेस घ्या, किंवा सळाखेवर प्लास्टिकचा पाइप चढवून पाती प्लास्टिकची करा.

बोर्डोचे कण बारीक असले तरी उभं ठेवलं की बसतातच. फवारणी चालू असेपर्यंत ढवळणी चालू ठेवा, नाहीतर पहिल्या झाडांना निळं पाणी आणि शेवटच्या झाडांना लगदा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

जाड माल

गोबरगॅसची घट्ट रबडी किंवा नुसत्या शेणाचा काला या ड्रमात टाकून काही होत नाही. पातं आपल्याभोवती एक पोकळी कोरतं, तेवढ्यातच फिरतं आणि भिंतीकडचा माल ढिम्म. भोवराही पडत नाही, आडपट्ट्यांचा उपयोगही उरत नाही. पाण्यात जसं खळबळून एकमेकांत शिरणं असतं तसं जाड मालात नसतं, तिथं पातं जिथं पोचेल तिथंच हालचाल. म्हणून अशा मालाला भिंत खरवडत फिरणारं मोठं पातं, वेग मिनिटाला वीस-तीस फेरे. नाहीतर सरळ चाटू घ्या. किंवा पाणी घालून पातळ करा, जे बहुतेक वेळा करायचंच असतं.

हात, दुपट्टा आणि वायर

बेल्टवर जाळी लावल्याशिवाय मी ड्रम देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. फिरत्या सळाखेला दुपट्टा किंवा ओढणी गुंडाळली जायला एक क्षण पुरतो. मोटरला अर्थिंग आणि लाईनवर ईएलसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच), कारण तुम्ही ओल्या जमिनीवर ओल्या हातानं उभे आहात. फिरत्या ड्रमात काठी घालू नका. पातं ती हिसकावतं आणि उलटी तोंडावर मारतं.

आणि रासायनिक कीटकनाशक या उघड्या ड्रमात मोटरनं ढवळू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पात्यानं उडणारे बारीक तुषार नाका-तोंडात जातात. औषधाच्या पंपाच्या टाकीतच, झाकण लावून, हातमोजे आणि मास्क घालून काय ते करा.

ड्रम रिकामा करताना

शेवटी एक भोवरा राहतोच, आणि तो मोटर बंद असतानाही पडतो. खालच्या तोटीतून किंवा पंपाच्या पाइपानं पाणी ओढताना पातळी उतरली की तोंडावर बारीक, शेपटीसारखा भोवरा तयार होतो आणि पाइपात हवा जाते. पंप मोकळा फिरायला लागतो, नोझल फुसफुसतं. तो डावीकडे फिरतो की उजवीकडे हे पृथ्वीच्या फिरण्यावर ठरतं असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एवढ्याशा ड्रमात पाणी आधी ज्या बाजूला हललेलं असेल त्या बाजूला फिरतं. म्हणून ढवळणी बंद केल्यावर पाणी शांत व्हायला मिनिटभर द्या आणि मगच ओढा. बोर्डोला मात्र ती सूट नाही, तिथं आडपट्ट्यांमुळे पाणी मुळात फिरत नसतं, तेव्हा पातं चालूच ठेवा आणि पाण्याची पातळी वरच्या पात्याजवळ आली की वेग कमी करा. त्यासाठी मोठ्या पुलीची दुसरी जोडी घेऊन ठेवलेली बरी. पाइपाच्या तोंडावर वीतभर पाणी राहिलं की पंप बंद करा. जीवामृताचं उरलेलं बादलीनं काढून झाडाच्या आळ्यात ओता, आणि वाळायच्या आत ड्रम, पिंजरा आणि पाती खराट्यानं धुऊन टाका. वाळलेला चुना दुसऱ्या दिवशी पटाशीनं काढावा लागतो.